नकाशात चार वाव पाणी

आमच्या घरात दिवा एक आणि वाचणारा मीच. म्हणून दिवा माझ्यापाशी असे आणि बाकीचे अंधारात चाचपून मासळीचे काटे काढीत. वडील वारले तेव्हा होडी दादाने घेतली आणि शाळा मला दिली. अशा रीतीने शिवडीच्या कोळीवाड्यातला पहिला बी.ए. मी झालो. (हे मी कोणी न विचारताही सांगत असे.)

दादाला आगबोट हाकणारा तांडेल व्हायचे होते. परीक्षा साहेब घेणार आणि समोर ठेवणार बंदराचा छापील नकाशा! दादाने आजवर हातात कागद धरला तो माझ्या निकालाचा, तोही न वाचता. मी म्हटले, मी शिकवतो. नकाशात उत्तर दिशा वर असते, आकडे म्हणजे पाण्याची खोली, सहा-सहा फुटांच्या वावांत. एवढे सांगून झाल्यावर वाटले, आता प्रत्यक्षच दाखवू.

सकाळी आमची आये मासळीच्या टोपल्या घेऊन दादाच्या होडीतून धक्क्यावर निघाली होती. मी होडीत पुढे नकाशा पसरून बसलो, दादा मागे सुकाणूवर. होडी दक्षिणेकडे चाललेली, नकाशात मात्र उत्तर दिशा वर. खोल पाणी कागदावर उजवीकडे दिसत होते.

"उजवीकडे घे," मी हुकूम सोडला.

"तिकडं चिखल हाय रं."

"नकाशात चार वाव पाणी आहे!"

दादा घुटमळला. कागद साहेबाचा, वाचणारा बी.ए.; या दोघांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, म्हणून बिचाऱ्याने सुकाणू फिरवले.

होडी रुतली. त्यात ओहोटी! थोड्या वेळाने शिंपल्या वेचणाऱ्या बाया आमच्या बाजूने चालत गेल्या. (त्या चार वावांतून.) आये टोपलीवर बसून म्हणाली, "बी.ए.ची अजून किती बुकं ऱ्हायलीत?"

दादा हसला नाही. त्याने माझ्या मांडीवरचा नकाशा फिरवून समुद्राशी जुळवला, तसे खोल पाणी डावीकडे गेले; मग तो एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारू लागला. भरती येईपर्यंत सगळा कागद त्याला पाठ!

परीक्षेला मी दुभाष्या. दादाने पहिल्याच प्रश्नाला मेजावरचा नकाशा फिरवला. साहेब लाल झाला: उत्तर दिशा वर असते, सांग त्याला! माझेच वाक्य मला दादाला पुन्हा ऐकवावे लागले.

"साहेबाला सांग," दादा शांतपणे म्हणाला, "उत्तर दिशा त्या खिडकीकडं हाय."

मग त्याने कागदावरून अख्खी आगबोट बंदरात आणली, कुठेही तळ लागू न देता. शेवटी साहेबाने माझ्याकडे बोट करून विचारले, हा कोण?

"माझा मास्तर."

हे दोन शब्द इंग्रजीत सांगायला बी.ए.ला फार वेळ लागला.

दादाला तांडेलाचा परवाना मिळाला. त्याच्या आगबोटीवर मला मागे बसवतात, तेही माझ्या हातात कागद नाही ना, हे पाहून.