कोपऱ्याच्या गाळ्यातली गिरणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि माझं काही आपल्यापासून लपत नाही अशी तिची पक्की समजूत आहे. बरेचदा सांगायला म्हणून बसलो, आणि मग पाण्याच्या टाकीवर नाहीतर पार्किंगवर बोलून उठलो. इतकी वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो मी. विषय कसा बदलायचा, हे मला कोणी शिकवायला नको.

आता दमलो. एखादी गोष्ट लपवून ठेवायलाही अंगात जोर लागतो — तो राहिला नाही. बाकी काही कारण नाही.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, नाहूरच्या अंगाला. जुनी इमारत तीन मजली. अर्धी माणसं कोकणातली — वडील गिरणगावात कामाला होते, मुलं इकडे उपनगरात आली — आणि अर्धी आमच्यासारखी, कचेरीत जाणारी. रस्त्याच्या बाजूला खाली चार गाळे. त्यातल्या कोपऱ्याच्या गाळ्यात सदानंद परबची पिठाची गिरणी. गाळाही त्याचा, आणि वर दुसऱ्या मजल्यावर घरही त्याचं. आम्ही एकाच वर्षी राहायला आलो. तो मला अण्णा म्हणायचा. मी त्याला सदा.

रिडेव्हलपमेंटची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही म्हणाल — आलं लक्षात, म्हाताऱ्याने बिल्डरकडून पैसे खाल्ले असणार. नाही हो. खाल्ले असते तर सांगणं सोपं होतं. पैसे खाणाऱ्याला लोक ओळखतात, शिव्या देतात, विषय संपतो. मला मात्र आजही कोणी शिवी देत नाही. जिन्यात भेटले की नमस्कार करतात.

आधी गिरणीबद्दल सांगतो. म्हणजे मी पुन्हा मुद्दा टाळतोय असं समजू नका — थोडा टाळतोयच. सकाळी पट्टा फिरायला लागला की आमच्या घरातली भांडी मांडणीवर हलकी हलकी वाजायची. दुपारी पुन्हा. बायकांचे डबे ओळीने लागलेले असायचे आणि ओळीत सगळ्या सोसायटीच्या बातम्या. मला सेक्रेटरी असून जे कळायचं नाही ते त्या ओळीत कळायचं. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतीणबाई सदावर कडाडल्या, "काय हो सदाभाऊ, मागच्या खेपेला माझ्या गव्हात कुणाची ज्वारी घातलीत?" सदा पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून म्हणाला, "वहिनी, ज्वारी म्हाग आसा. तुमका फुकट कोण घालतलो?" अख्खी ओळ हसली, आणि सावंतीणबाईसुद्धा.

एकादशीच्या आदल्या दिवशी तो गिरणी उघडून, झाडून, पुसून घ्यायचा, आणि मग दिवसभर फक्त उपवासाचं दळण. वरी, राजगिरा, साबुदाणा. त्या दिवशी गव्हाचा डबा आणला तर परत पाठवायचा, मग तो कोणाचाही असो. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी. आमच्या हिची भाजणी तो स्वतः उभा राहून दळायचा, दोन बोटांत धरून बघायचा आणि म्हणायचा, "वहिनीच्या चकलेक दात नको लागूक."

मग सोसायटी पाडून नवीन बांधायचं ठरलं. गळत होती, सळया बाहेर आल्या होत्या — पाडायला हवीच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. खाली दुकानं, वर घरं, उंच इमारत. बिल्डरने सभेत मोठं चित्र आणून लावलं. खाली झाडं, बाकं, काचेची दुकानं, कॉफी पिणारी माणसं. सगळी सडपातळ. चित्रात डबा घेतलेली एकही बाई नव्हती. मी ते चित्र खूप वेळ बघत राहिलो. आवडलं मला. खरं सांगतो, फार आवडलं.

त्याच सुमारास धाकट्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडची माणसं गोरेगावची, नव्या टॉवरमधली. घर बघायला आली तेव्हा मुलीच्या आईने बसण्याआधी खुर्चीच्या हातावरून रुमाल फिरवला, आणि रुमालाला पांढरं लागलं. घडी घालून रुमाल पर्समध्ये ठेवला, बस. त्यांना सोडायला खाली आलो तर सदा दारात उभा — डोक्यापासून पायापर्यंत पीठ. हात जोडून म्हणाला, "व्याही काय अण्णा? मग बेसन कधी दळूचा लाडवांचा?" मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हा आमचा खालचा गिरणीवाला."

गिरणीवाला. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून राहिलेला माणूस. हिच्या हातात चहाचा पेला देऊन "मी आसंय, तुमी घरी जावा" म्हणणारा. सदाने तो शब्द ऐकला की नाही कोण जाणे. हसत होता. तो नेहमीच हसायचा, त्यावरून काही कळायचं नाही.

ही झाली तयारी. आता मुख्य गोष्ट. थांबा — सांगतो.

सदा सभांना यायचा नाही. दिवसभर गिरणी, सोडून येणार कधी? विचारलं की म्हणायचा, "अण्णा आसत मा थंय, मगे माका येवची गरज काय?" आमच्याकडे तशी पद्धतच होती. सेक्रेटरी जे सांगेल तेच सोसायटीचं म्हणणं, आणि सेक्रेटरी जे ऐकून येईल तोच सरकारचा नियम. कोणी वर जाऊन पुन्हा विचारत नसे. सही कुठे करायची तेवढं विचारत.

नकाशे पक्के व्हायच्या आधी बिल्डरकडची एक इंजिनियर मुलगी दुकानांची पाहणी करायला आली. हेल्मेट काखेत, बोलायला नीट, घाई नाही. जेवणाची वेळ, गिरणी बंद होती, सदा जेवायला वर गेला होता. तिने कोपऱ्याच्या गाळ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "अंकल, ही चक्की राहणार ना? मग या गाळ्याला थ्री फेज आणि मशीनखाली वेगळा पाया धरायला लागेल, म्हणजे वर हादरे नाही जाणार. परवानगीचं आम्ही बघतो, ते होतं. फक्त आत्ताच सांगा. नंतर नाही करता येणार."

कळलं ना तुम्हाला? तिने विचारलं. गिरणीला कोणाचीच ना नव्हती. बिल्डरची नाही, नियमाची नाही. माझ्याकडून फक्त "हो" हवं होतं. नाहीतर "थांबा, त्यालाच बोलावतो". दोन जिने चढायचे होते.

मी म्हणालो, "नको. तो बंद करतोय. वय झालं त्याचं."

सदा माझ्यापेक्षा लहान होता.

ती "ओके" म्हणाली आणि पुढच्या गाळ्याकडे गेली. एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही. संध्याकाळी मी गिरणीत गेलो. पट्टा चालू होता, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. खोटं बोलायचं आणि तेही ओरडून — कधी केलंय तुम्ही? मी ओरडून सांगितलं, "सदा, नवीन बिल्डिंगमध्ये गिरणीला परवानगी नाही रे. नियमात बसत नाही. खूप सांगून बघितलं मी."

त्याने हात वर करून बटण बंद केलं. पट्टा पुरता थांबू दिला. मग म्हणाला, "तुमी सांगून पण नाय ऐकूक?"

"नाही."

"मगे झालाच. तुमचा नाय ऐकूक तर माझा कोण ऐकतलो?"

इथे मी एखादी सबब जोडू शकतो. हिला पिठाचा त्रास व्हायचा, दमा होता, असं काहीतरी. नव्हता. हिला त्या घरघरीशिवाय दुपारची झोप लागायची नाही. रुमालाचं म्हणाल, तर त्या विहीणबाईंनी कधी विषयच काढला नाही, आणि सूनबाई तर नव्या घरात आल्यावर मलाच विचारत होती, "बाबा, ती गिरणी इथे का नाही घेतली? किती सोयीची होती." मग कोणासाठी केलं मी? त्या चित्रासाठी? त्या काचेच्या दुकानांवरून, झाडांखालून चालत येऊन, "मी इथे वर राहतो" असं कोणाला तरी म्हणायचं होतं म्हणून? असेल. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

गिरणीच्या शेवटच्या दिवशी सदाने सगळ्यांचं दळण फुकट दळून दिलं. ओळ पार नाक्यापर्यंत गेली होती. बायका रडत होत्या, तो त्यांना चिडवत होता. आमचा डबा त्याने स्वतः वर आणून दिला. भाजणी होती — दिवाळी लांब होती तरी. हिला म्हणाला, "ठेवा, वहिनी. नव्या घरात पयली चकली हेची करा." मग यंत्र भंगारवाल्यांनी उचललं. दगड जड, टेम्पोत चढेनात, तर सदाच त्यांना सांगत होता कुठे धरायचं ते.

नवीन इमारत झाली. चांगली झाली, खोटं कशाला बोलू. लिफ्ट आहे, पाणी आहे, खाली झाडंसुद्धा आहेत, चित्रातल्यापेक्षा बारकी. सदाला सोडतीत अकरावा मजला लागला. त्याचा गाळा त्याच्या मुलाने, महेशने, गाद्यांच्या दुकानाला दिला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या उभ्या असतात तिथे. दिवसातून एखादं गिऱ्हाईक. सदा खुर्ची घेऊन दारात बसायचा. एकदा नव्या वॉचमनने हटकलं, "बाबाजी, इधर नहीं बैठने का." सदा म्हणाला, "अरे, गाळो माझो आसा." त्याला मालवणी कुठून कळणार? मी मध्ये पडलो, वॉचमनला झापलं. सदाने मला हात जोडले. मी तो नमस्कार — घेतला हो. घेतला आणि लिफ्टकडे गेलो.

पुढे समोरच्या बाजूची सोसायटीही पडली, उभी राहिली, आणि तिच्या खालच्या गाळ्यात गिरणी सुरू झाली. नवीकोरी. रस्त्यापलीकडून घरघर ऐकू यायला लागली. सदा दोन-तीनदा जाऊन तिथे उभा राहिला. डबा न घेता. मग मला गेटपाशी गाठून विचारलं, "अण्णा, तेंका परवानगी कशी गावली?"

खरं सांगायची वेळ अजूनही होती. गाळा होता, सदा होता, मी होतो.

मी म्हणालो, "नियम बदलले रे आता."

तो मान हलवत राहिला. "आमच्या वेळाक नाय बदलले," म्हणाला. त्यात टोमणा होता का? मी त्याचा चेहरा खूप न्याहाळला. नव्हता. तो नियमावर रागावला होता.

त्यानंतर तो खाली यायचा कमी झाला. मी मात्र वर जायला लागलो. लिफ्टमध्ये वाक्य जुळवायचो — सदा, परवानगी होती, नाही म्हणालो तो मी. साधं वाक्य. मजल्यांचे आकडे बदलत जायचे तसं मनात पक्कं होत जायचं. दार उघडून तो समोर आला की मी विचारायचो, "काय रे, वरती पाणी येतं ना बरोबर?" तो म्हणायचा, "येता. बसा." मी बसायचो. चहा व्हायचा. खिडकीतून खाली समोरच्या गिरणीच्या दारावरचा पत्रा दिसायचा. मी तिकडे पाठ करून बसायचो. आणि उतरताना पुन्हा तेच वाक्य — आता ऐकायला कोणी नसताना — अगदी नीट यायचं.

सदा गेला. छातीत दुखलं, हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं. तेराव्याला सगळी जुनी सोसायटी वर जमली होती. महेश माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काका, बाबा कायम सांगायचे. गिरणीसाठी अण्णांनी जेवढी धडपड केली तेवढी सख्ख्या भावाने नसती केली." शेजारी ही बसली होती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे अभिमानाने बघितलं.

वाक्य तोंडात होतं. महेश होता, ही होती, भिंतीवर सदाचा फोटो होता — हसणारा.

मी म्हणालो, "अरे, शेजारीच ना आम्ही."

ती भाजणी अजून आहे. नव्या घरापर्यंत टिकणार नव्हती, म्हणून भाड्याच्या घरातच पहिल्या दिवाळीला चकल्या केल्या; त्यातून थोडी उरली, ती हिने बरणीत ठेवली. खराब झाली असेल, पण टाकत नाही. हे छापून आलं तर ती वाचेल. वाचू दे.

सदा, परवानगी होती. नाही म्हणालो तो मी.