‘ऑपरेशन कीकर’चं काय फसलं

सुहासिनी चौबळ सिनेमाला जाताना पर्समध्ये छोटा टॉर्च ठेवायच्या. हिरो कड्यावरून उडी मारत असतो आणि या मांडीवरच्या वहीत काहीतरी टिपत असतात. मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, “आंटी, लाइट बंद करो यार!” की मान न वळवता म्हणायच्या, “ड्यूटी पे हूँ, बेटा.”

त्यांचे यजमान शशिकांतराव बरोबर जायचं नावच काढत नसत. म्हणायचे, “मी कशाला येऊ? घरी आल्यावर ती मला अख्खा सिनेमा दाखवते, शिवाय चुकांसकट.”

बाईंनी एकतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात टपाल शाखेत काढली. निवृत्तीनंतर दिल्लीच्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून दोघं दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेला नव्या सोसायटीत आली. तेव्हा इथे पाण्याचे टँकर, धूळ आणि मेट्रोचे अर्धवट खांब एवढंच वैभव होतं. आणि हो, आमचं मराठी मंडळ. परमुलखात चार मराठी घरं जमली की आधी मंडळ निघतं आणि मग त्यात भांडण निघतं, हे काय मी सांगायला हवं?

मंडळाच्या मासिकात बाईंचं सदर होतं, ‘जमलं-फसलं’. सिनेमा कुठलाही असो, पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे काय जमलं, उजवीकडे काय फसलं. दोन्ही बाजू भरल्याशिवाय लेख द्यायचा नाही, हा बाईंचा नियम. एका भिकार कौटुंबिक सिनेमाच्या डाव्या बाजूला त्यांनी लिहिलं होतं, “पडदे सुंदर. कुठून आणले ते कळल्यास बरे.”

आता २००३ सालचा प्रकार ऐका. मंडळाचे अध्यक्ष सुधाकर देवस्थळी. गुडगावच्या एका कंपनीत मोठे साहेब, मंडळाच्या बैठकीलाही लॅपटॉप घेऊन येणार. त्यांच्या मुलानं, विक्रांतनं, सिनेमा काढला. हेरगिरीचा, मारामारीचा, हिंदी. नाव ‘ऑपरेशन कीकर’. गुडगावच्या नव्या मॉलमध्ये लागला. देवस्थळींनी मंडळाच्या खास अंकाची घोषणा केली आणि बाईंना म्हणाले, “सुहासिनीताई, आपलाच मुलगा आहे. या वेळी फक्त डावी बाजू, अं?”

“बघते ना आधी,” बाई म्हणाल्या.

त्यांनी तो सिनेमा तीनदा पाहिला. द्वारकेहून गुडगावला जायचं म्हणजे तेव्हा खटारा बस, मग ऑटो, मग मॉलच्या सरकत्या जिन्यावर पदर सावरत जीव मुठीत. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, “एवढा आवडला?” तर म्हणाल्या, “पहिल्यांदा मला राग आला होता. रागात लिहिलं तर ते खरं धरायचं नाही.”

डावी बाजू त्यांनी मनापासून लिहिली. मुनिरकाच्या गल्लीतल्या पाठलागात कोण कुठे आहे ते क्षणभरही हरवत नाही; वाळत घातलेल्या चादरींच्या मागून माणूस येतो तेव्हा आपलीच मान मागे वळते. उडी मारण्याआधी हिरो घाबरतो, तोंडाला कोरड पडलेली दिसते, म्हणून ती उडी खरी वाटते. शेवटच्या झटापटीत संगीत नाही, नुसते श्वास ऐकू येतात. “असा धीर,” त्यांनी लिहिलं, “मोठ्या मोठ्यांना होत नाही.”

आणि उजवी बाजू. हिरो संध्याकाळी सहाला, ऐन गर्दीत, धौला कुआँवरून निघतो आणि तासाभराचा रस्ता कापून चार मिनिटांत नोएडाला पोचतो. हेलिकॉप्टर नाही, मारुती. खलनायक आपला सगळा बेत बांधून ठेवलेल्या हिरोला सविस्तर समजावतो; इतकं तर शाळेत मास्तर समजावत नाहीत. नायिका गुप्तचर खात्यातली आहे म्हणे, पण पूर्ण उत्तरार्धात तिला खुर्चीला बांधलेलं आहे. आणि सगळ्यात मोठं: देशाचं गुपित ज्या पाकिटातून जातं, त्याच्यावर लाल अक्षरांत ‘परम गुप्त’ छापलेलं! चोराला आमंत्रणच. “मी असली पाकिटं एकतीस वर्षं रवाना केली. शिक्का आतल्या पाकिटावर असतो. बाहेरचं पाकीट साधं खाकी, त्यावर नुसता पत्ता.”

अंक छापून आला. गुळगुळीत कागद, विक्रांतचा पानभर फोटो आणि ‘जमलं-फसलं’ची नुसती डावी बाजू. मधली रेघसुद्धा गायब.

बाईंनी पान दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. “माझं नाव खाली आहे,” एवढंच म्हणाल्या. “अर्ध्याच्या खाली.”

देवस्थळींची चूक कुठे झाली ठाऊक आहे? अंक कोण छापतं ते त्यांनी सांभाळलं, पण अंक कोण पाठवतं ते विसरले! घड्या घालणं, पत्ते चिकटवणं, तिकिटं लावणं, दोनशे बारा घरांची ही रवानगी पहिल्या अंकापासून बाईंकडेच होती. साहेबलोकांना टपाल दिसतच नाही हो.

बाईंनी उजवी बाजू टाइप केली आणि मुनिरकाला जाऊन, जिथे स्पर्धा परीक्षेची पोरं नोट्सच्या झेरॉक्स काढतात तिथून, दोनशे बारा प्रती काढून आणल्या. प्रत्येक अंकात एक घातली. देवस्थळींच्याही अंकात.

चार दिवस द्वारकेत दुसरा विषय नव्हता. फोन करून करून माझा कान लाल झाला. रविवारी बैठक बसली. चिटणीस अरुणा साने वही उघडून बसली होती. विक्रांतही आला होता, दाढी वाढवलेला.

“हा विश्वासघात आहे,” देवस्थळी म्हणाले. “पुढच्या अंकात माफी मागा, नाहीतर सदर बंद.”

“लेख माझा. अर्धा तुम्ही छापलात, उरलेला मी पोचवला,” बाई म्हणाल्या. “यातलं काय खोटं आहे ते सांगा, त्याची माफी मागते.”

विक्रांत पुढे सरकला. “काकू, पाकिटाचं मला माहीत होतं. पण लोकांना पडद्यावर कळायला नको, की यात गुपित आहे?”

“अरे, मग साधं खाकी पाकीट दाखव. हिरो ते फोडतो, आत दुसरं निघतं, त्याच्यावर लाल शिक्का. थेटरात सगळ्यांचा श्वास अडकेल. तू श्वासांचं काम चांगलं करतोस, मी लिहिलंय तसं.”

विक्रांतनं कपाळावर हात मारला. मग स्वतःशीच पुटपुटला, “शिट यार.”

“आणि त्या मुलीला खुर्चीवरून उठव आधी,” बाई म्हणाल्या.

“विक्रांत, तू बस!” देवस्थळी ओरडले. “माझा निर्णय झाला आहे. सदर बंद.”

“बिल्कुल. अध्यक्षांचा अधिकार आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “लेखी द्या.”

“लेखी कशाला? मी सांगतोय ना.”

“तुमच्या कंपनीत तोंडी चालत असेल. मी सरकारी बाई. आदेश कागदावर, कारणासकट, खाली सही. तो मिळेपर्यंत सदर चालू.”

अरुणानं वहीतला कोरा कागद फाडून पुढे सरकवला. चेहरा इतका निरागस, की मला खोकला काढावा लागला. देवस्थळींनी पेन उघडलं. लिहिलं, “श्रीमती चौबळ यांचे सदर बंद करण्यात येत आहे, कारण...” आणि हात थांबला. पंखा फिरत होता. बाहेर टँकर आला, बायका बादल्या घेऊन धावल्या, तरी आमच्यातलं कुणी उठलं नाही.

“कारण?” अरुणानं विचारलं.

देवस्थळींनी मुलाकडे पाहिलं. विक्रांतनं खांदे उडवले. “बाबा, जे आहे ते लिहा ना.”

पेनाला टोपण लागलं. देवस्थळी म्हणाले, “बघू पुढच्या बैठकीत.” अरुणानं ते इतिवृत्तात अक्षरशः उतरवलं.

पुढच्या अंकात ‘जमलं-फसलं’च्या दोन्ही बाजू आल्या आणि मधली रेघ जाड छापून आली. रेघ जाड हवी असं बाईंनी लेखी कळवलं होतं, खाली सही करून, असं छापखानेवाला मला म्हणाला.