वरच्या मजल्यावरचं डॅनिश

बहारीनमधल्या उम्म अल हस्समच्या आमच्या गल्लीत डॅनिश भाषेचा कुणी छळ केला असेल, तर तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी. आणि त्या भाषेने काकांचा. काका पुण्याचे, इथल्या एका कंपनीत अकाउंटंट. मुलगी डेन्मार्कला, जावई तिकडचाच, आणि पाच वर्षांची नात फक्त डॅनिश बोलणारी. फोनवर नात काहीतरी सांगायची, काका "अं?" करायचे, मुलगी मराठीत सांगेपर्यंत नात पसार! "मध्ये कुणी नको गं, एकदा ती सरळ माझ्याशी बोलली पाहिजे," एवढाच त्यांचा हट्ट.

मोठमोठे शब्द काकांनी भराभर फस्त केले. अडलं ते चिल्लर शब्दांवर. आपल्या 'ना', 'की'सारखे यो, दा, नॉक! "निम्मे तर ही माणसं गिळूनच टाकतात," म्हणत काका तोंडात खजूर धरून सराव करायचे. "अहो, आपण तरी 'ये ना' आणि 'ये की'मधला फरक कुणाला समजावू शकतो का?" असं मी म्हटलं, तर आठवडाभर खुशीत होते. पुढे कळलं, कुठे राहतो हे सांगताना देश असेल तर 'इ' म्हणजे आत, आणि कित्येक बेटांना 'पॉ' म्हणजे वर. झालं! "बहारीन देशही आणि बेटही. मग मी आत आहे की वर?" हे त्यांनी मला हूऱ्याच्या सिग्नलला, स्टिअरिंग सोडून विचारलं. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. "काका, यल्ला! आधी सिग्नलच्या पुढे चला!"

डिसेंबरात नात आली. काकांनी घोकलेलं स्वागताचं भाषण ऐकून तिने भोकाड पसरलं. खलास! चार दिवस काकांचा चेहरा बघवेना. मग एका दुपारी आमच्या सोफ्यावर ती बाहुलीशी पुटपुटत होती. काका शेजारी बसले आणि नुसतं म्हणाले, "नॉ?" तिकडचं हे "हो का?" पोरीने वर पाहिलं आणि जी सुटली! काका कधी नवलाने, कधी हळहळून "नॉ" म्हणत राहिले. चहा गार झाला, तरी दोघं हलेनात.

"सगळं कळलं?" मी नंतर विचारलं.

"छे गं, निम्मंसुद्धा नाही. पण थांबली नाही ना ती!" काकांचे डोळे भरले होते. माझेही, उगाच कशाला लपवू?

निरोपाला मीही एअरपोर्टवर गेले. काचेपलीकडे गेल्यावरही पोर हात नाचवत काहीतरी सांगतच होती, आणि काका अलीकडून "नॉ... नॉ..." करत मान डोलावत होते.

"काका, अहो, ऐकू तरी येतंय का?"

"नाही गं," काचेवरची नजर न काढता ते म्हणाले, "पण ती सांगतेय ना अजून."

मी गाडीची किल्ली परत पर्समध्ये टाकली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.