चेन्नईला दीड तास

लहानपणी नागपुरात सोनेगावकडे पंख्याचं विमान उतरायचं. त्याची घरघर आधी छातीत ऐकू यायची, मग कानात. पुढे त्याच विमानतळाबाहेर टॅक्सी चालवण्यात माझी तीस वर्षं गेली. विमानात मात्र कधी बसलो नाही. स्टँडवर किस्से साचतात, डिक्कीतल्या जुन्या फडक्यांसारखे. टाकवत नाहीत.

*

माझा सोबती देवाजी, रामटेककडचा. एक साहेब त्याला म्हणाले, "पुणं काय, सव्वा तास!"

देवाजी म्हणाला, "मले रामटेकले जायले याहून जास्त लागते, साहेब! मंग पुणं दूर कसं?"

साहेब हसले. देवाजी हसला नाही. त्याची पोरगी पुण्यात दिलेली. तीन वर्षांत आली नव्हती.

*

दुपारचं दिल्लीचं विमान येऊन गेलं की आम्ही डबे उघडायचो. एकदा ते चार वाजेपर्यंत आलंच नाही. देवाजी डबा मांडीवर घेऊन बसून होता.

"जेव नं गा," मी म्हटलं.

"धुकं दिल्लीत, अन् उपाशी मी!" म्हणाला, पण झाकण काढलं नाही.

*

खापरखेड्याच्या एक बाई मुलाला सोडायला आल्या होत्या. विमान दिसेनासं होईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. माझ्या टॅक्सीतून परतताना रेल्वे फाटक लागलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"भाऊ, तो हैदराबादले उतरला बी! आपण अजून फाटकावरच!"

गाडी गेली, फाटक उघडलं. फोन केव्हाच बंद झाला होता, तरी त्यांनी तो कानाला तसाच धरलेला.

*

एका सकाळी पोलिसांनी रस्ता मोकळा केला. अ‍ॅम्ब्युलन्स आली. दोन डॉक्टर एक पेटी घेऊन आत धावले. विमान उडालं, त्यानंतर एक माणूस ऑटोतून उतरून आमच्या बाकावर बसला. पायात स्लीपर, हातात दवाखान्याची फाईल.

"चेन्नईले किती वेळ लागते, भाऊ?"

"दीड तास," मी म्हटलं.

"कोणी गेलं का, काका?" देवाजीनं विचारलं.

"पोराचं हृदय गेलं. डोक्याले मार लागला होता. तिकडे एका पोरीले बसवून राहिले. डॉक्टर म्हणे, चार तासांच्या आत बसलं पाहिजे."

एक भाडं आलं, ते मी दुसऱ्याला दिलं. चहा आणला. तो त्यांच्या हातात गार झाला. दीड तासानं देवाजीनं मोबाईलवर पाहिलं.

"उतरलं, काका!"

"तिथून दवाखाना किती दूर आहे?"

नागपुरातली गल्ली न् गल्ली आम्हाला पाठ. चेन्नईचं कोण सांगणार?

"तिथंबी रस्ता मोकळा ठेवला असंल, काका," देवाजी हळूच म्हणाला.

ते आणखी थोडा वेळ बसले. मग उठले. मी टॅक्सीचं दार उघडलं. त्यांनी दारावर हात ठेवला, ते हलकेच परत लावलं, आणि वर्धा रोडकडे चालत गेले.