डोकं कुठल्या बाजूला

आमच्या शाळेत मुलींचा रग्बीचा संघ होता, हे आता आमच्या भागात फार जणांना आठवत नाही. ज्यांना आठवतं, त्यांना तो का बंद पडला तेही आठवतं. एका मुलीने सरांनी शिकवलेलं ऐकलं नाही, ऐन वेळी डोळे मिटले आणि मान दुखावून घेतली, म्हणून संस्थेने खेळच बंद केला, असं सांगतात. ही गोष्ट खोटी आहे. त्यातले सर म्हणजे मी, आणि गोष्ट रचली तीही मीच. त्या मुलीचा डावा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही आणि दोष अजून तिच्यावरच आहे. मी सत्तरी ओलांडली आहे. तो दोष तिच्यावरून काढून जिथला तिथे ठेवायचा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. नावं कुणाचीच घालत नाही.

पारगावच्या साखर कारखान्यापासून थोड्या अंतरावरच्या एका हायस्कूलमध्ये मी खेळाचा शिक्षक होतो. मी कबड्डीचा माणूस. तरुणपणी डाव्या कोपऱ्यावर खेळायचो आणि नंतर पंच म्हणून भागातल्या सगळ्या यात्रा फिरलो. रग्बी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "सर, नवा खेळ आलाय. जिल्ह्यात मुलींचे संघ मोजकेच आहेत. आपण उतरवला तर विभागापर्यंत आरामात जाईल." खेळाचं प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत उपयोग होतो, हे मुलींना आमच्याआधी ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी वीस जणी आल्या.

त्याआधी पुण्यात शिक्षकांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. पहिल्या दिवशी चेंडू कसा धरायचा, मागे कसा द्यायचा, नियम काय, हे झालं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर टॅकल होतं, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडायचं कसं. मी जेवणाआधीच निघालो. आणे गावच्या यात्रेत कबड्डीचा अंतिम सामना होता आणि मला मुख्य पंच म्हणून बोलावलं होतं. तिथे फेटा बांधणार होते, श्रीफळ देणार होते. शिबिरात मी चाळीस जणांतला एक होतो. दुपारच्या हजेरीवर शेजारच्या सरांनी माझी सही केली.

पुढे ते सर भेटले तेव्हा मी विचारलं, "दुपारी काय शिकवलं हो?"

"काही नाही, धरायचं आणि पाडायचं. तुम्हा कबड्डीवाल्यांना आम्ही काय सांगणार?"

मला ते पटलं. प्रमाणपत्रही आलं होतं.

मैदान आमच्याकडे चांगलं नव्हतं. ऊस तोडून नेला की रिकाम्या वावरात पाचट पडलेलं असायचं. ते आम्ही गोळा करून शाळेमागे जाड अंथरलं आणि त्यावर मुली पडायला शिकल्या. खताच्या गोणीत पाचट कोंबून तिला धडक मारायला लावायचो. चेंडूला पोरी पपई म्हणायच्या. पुढे पळायचं आणि चेंडू मात्र मागेच द्यायचा, हे त्यांच्या गळी उतरायला आठवडा गेला.

"सर, फुडं जायचंय तर मागं कशाला द्यायचा?"

"नियम आहे."

"कुणी केला ह्यो नियम? त्याला घरला जायचं नव्हतं व्हय?"

मी त्यांना शिबिरातल्या पुस्तिकेतली कथा सांगितली. इंग्लंडमधल्या एका शाळेत फुटबॉल चालू असताना एका मुलाने चेंडू सरळ हातात उचलला आणि पळत सुटला, त्यातून हा खेळ निघाला म्हणतात. "म्हंजी चुकीतनं निघालाय," कप्तान म्हणाली. सगळ्या हसल्या. कप्तान कारखान्याजवळच्या बागायतदाराची मुलगी. तोंडाने फटकळ, पण संघ तिने बांधून ठेवला होता.

सगळ्यांत वेगवान होती ती वसतिगृहातली, घाटघरची. नाणेघाटाजवळच्या डोंगरात वाढलेली, अंगाने काटकुळी. पळताना तिच्या पायांचा आवाज होत नसे. आणि पाडायला तिला शिकवावंच लागलं नाही. समोरची मुलगी बाजूने पळत निघाली की ही तिरकी यायची, खांदा तिच्या मांडीला लावायची, दोन्ही हातांनी पाय आवळायची आणि डोकं तिच्या पाठीमागच्या बाजूला ठेवायची. दोघी पाचटावर आडव्या व्हायच्या आणि हीच आधी उठायची.

मला ते डोकं खटकलं. कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषेकडे परत पळतो तेव्हा कोपऱ्यावरच्या खेळाडूने त्याच्या वाटेत अंग घालायचं असतं. जो मागून पकडतो, तो ओढला जातो आणि गुण जातो. तीस वर्षं मी हेच शिकवलं होतं. मी शिट्टी वाजवून तिला थांबवलं.

"डोकं मागे का ठेवतेस? पुढे घाल. तिची वाट बंद झाली पाहिजे."

"करडू धरताना मागंच ठेवत्यात सर. फुडं घातलं तर गुडघा बसतुया तोंडावर."

"हे करडू आहे का?"

पोरी फिदीफिदी हसल्या. मी त्यांना हसू दिलं. वर म्हणालो, "घाटघरची शेळी राखणारी आली आम्हाला शिकवायला." पुढचे कितीतरी दिवस सगळ्या तिला 'करडू' म्हणून हाक मारायच्या. ती रुसली नाही. तिने डोकं पुढे घालायचा सराव सुरू केला. सवय मोडायला वेळ लागत होता, म्हणून मी तिला एकटीला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचो आणि गोणीवर पन्नास पन्नास वेळा करून घ्यायचो.

आणखी एक गोष्ट आहे. पुस्तिका इंग्रजीत होती, पण त्यात चित्रं होती. टॅकलच्या चित्रात पाडणाऱ्याचं डोकं मागेच होतं. ते चित्र मी पाहिलं होतं. मनात आलं, हा गडी भित्रा दिसतो.

जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. तिसऱ्यात पूर्वार्धात एकदा ही आपल्या जुन्या सवयीने डोकं मागे ठेवून गेली, हात निसटला आणि समोरच्या मुलीने गुण केला. मी रेषेवरून ओरडलो, "पुढे! डोकं पुढे घाल!" तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. उत्तरार्धात तीच मुलगी पुन्हा कडेने सुटली. ही तिरकी धावली, पोचली आणि मी सांगितलं तसं डोकं तिच्या पुढ्यात घातलं. त्या मुलीचा गुडघा आणि सगळं वजन हिच्या मानेवर आलं. मी दहा पावलांवर होतो. तिचे डोळे उघडे होते, मला दिसत होते.

ती पडली ती हललीच नाही. शुद्ध होती. "सर, हात कुठंय माझा?" एवढं म्हणाली. हात तिच्या शेजारीच होता.

गाडीत तिला घालत असताना रेफरीने मला बाजूला घेतलं. तरुण मुलगा होता, अदबीने बोलत होता. "सर, डोकं पुढच्या बाजूला होतं. ते नेहमी मागे ठेवायचं असतं. शिबिरात अर्धी दुपार त्यावरच गेली असेल ना?" मी म्हणालो, "हो, हो. सांगितलं होतं तिला."

पहिलं खोटं ते. विचार करून बोललो नाही, पण मागेही घेतलं नाही. परतताना बसमध्ये मुली रडत होत्या. कप्तानने विचारलं, "असं कसं झालं सर? आमी पण तसंच करतो की." तिच्या प्रश्नात सगळं उत्तर होतं. मी म्हणालो, "तिने ऐन वेळी डोळे मिटले. डोळे मिटले की असंच होतं." हे मात्र मी विचार करून बोललो. खिडकीबाहेर बघत, बोलण्याआधी शब्द जुळवून.

महिन्याभराने ती गळ्याला पट्टा लावून मुख्याध्यापकांच्या खोलीत उभी होती. वडील दारातच थांबले होते, टोपी हातात घेऊन. मानेतली हाताकडे जाणारी नस ताणली गेली होती आणि डॉक्टरांनी पूर्ण बरं होण्याची खात्री दिली नव्हती. टेबलावर माझा लेखी अहवाल होता, 'खेळाडूने शिकवलेल्या पद्धतीचे पालन न केल्याने दुखापत झाली.'

मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, "सरांनी कसं करायचं ते सांगितलं होतं ना तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं व्हतं."

"मग ऐकायला नको?"

ऐकलं म्हणूनच ती तिथे पट्टा लावून उभी होती, आणि त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं. बाहेर आल्यावर तिचे वडील मला म्हणाले, "पोरगी लई हट्टी हाय सर. तुमाला उगं तरास झाला." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात आठवला की आजही मला तो कुठे ठेवावा कळत नाही.

संस्थेने रग्बी बंद केला. भरतीची आशा लावून बसलेल्या मुलींनी त्याचा राग तिच्यावर काढला. वसतिगृहात तिच्याशेजारी कुणी जेवायला बसेना. त्यांच्यापैकी कुणीही दोन शब्द विचारले असते तरी मी बोललो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. दहावीनंतर ती गावी गेली. दोन वर्षांनी माझा निरोप समारंभ झाला. त्यात रग्बीचा प्रयोग करणारे धाडसी शिक्षक, असाही उल्लेख झाला.

गेल्या फेब्रुवारीत जुन्नरच्या एसटी स्टँडवर कप्तान भेटली. ती पोलिसात आहे, कबड्डीतून लागली. पाया पडली, चहा पाजला. जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणाली, "तिनं त्या दिवशी डोळे मिटले नसते ना सर, तर आमच्यातल्या चौघी तरी लागल्या असत्या." पंधरा वर्षांपूर्वी बसमध्ये मी जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडून जसंच्या तसं आलं. मी विचारलं, "ती भेटते का?" "न्हाई. तिच्या लग्नाची पत्रिका आली व्हती. आमी कुणीच न्हाई गेलो."

मी तिथेही गप्प राहिलो. चहा संपवला. पण पुढच्या आठवड्यात सकाळच्या गाडीने घाटघरला गेलो.

तिला गावातच दिली आहे. ती अंगणात हिरडा वाळत घालत होती. उजव्या हाताने पसरत होती, डावा मांडीवर होता. मला तिने लगेच ओळखलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शिबिर, आणे, पुस्तिकेतलं चित्र, रेफरी, बस, अहवाल. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ती हिरडा पसरतच होती. मग म्हणाली, "म्हंजी माझं बरोबर व्हतं?"

"हो."

"करडू धरत्यात तसंच?"

"तसंच."

"आन् डोळं?"

"उघडे होते. मी पाहिले."

"मला वाटायचं मिटलं असत्याल," ती म्हणाली. "सगळ्या म्हनायच्या. मी लई येळा आठवून बगितलं. शेवटी मलाबी मिटल्यालंच दिसाया लागलं."

मी क्षमा मागितली. तिने पसरलेला हिरडा पुन्हा सारखा केला. तिचा नवरा आला, म्हणाला, "पावणं कोण?"

"शाळंतलं सर."

"मग बसवलं न्हाईस? च्या ठेव की."

"सरांना गाडी हाय," ती म्हणाली.

गाडीला दोन तास होते. नवरा आमच्या दोघांकडे बघून आत गेला. मी निघालो तेव्हा तिने विचारलं, "त्या पोरींना सांगितलं का तुमी?"

"नाही. आधी तुझ्याकडे आलो."

"माझ्याकडं कशाला आधी? मी तर तिथं व्हतेच की. त्यांना सांगा." मग हिरड्याची पाटी उचलली आणि पाठ वळवून म्हणाली, "आमचं बा गेलं दोन वर्सामागं. हट्टी म्हनतच गेलं."

त्यावर मला करण्यासारखं काही नव्हतं. मुख्याध्यापकही आता नाहीत. शाळेत जाऊन मी अहवालाची फाईल मागितली. कारकून म्हणाला, इतकी जुनी कागदपत्रं ठेवत नाहीत. मी नवीन अर्ज लिहून दिला, खरं काय ते त्यात लिहिलं आणि पोच घेतली. तो कागद कुणी वाचेल असं वाटत नाही.

संघात बारा जणी होत्या. ती सोडून अकरा. नऊ जणींचे नंबर मिळवले आणि एकेकीला फोन केला. बऱ्याच जणी म्हणाल्या, जाऊ द्या सर, आता काय त्याचं. एक जण तिच्या शाळेत मुलींना रग्बी शिकवते. ती घाबरून म्हणाली, "सर, मी अजून पुढंच घालायला लावते." तिला मी फोनवर दोनदा समजावलं, मग दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत गेलो आणि एका जाणत्या प्रशिक्षकाचा नंबर तिला देऊन आलो. कप्तानने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तिला करडू म्हनायचे सर. तुमी हसलात म्हणून." आणि फोन ठेवला.

दोघींचा पत्ता लागला नाही. एक लग्नानंतर गुजरातेत गेली म्हणतात, दुसरीचं माहेरच गाव सोडून गेलं आहे. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. तुम्हा दोघींपैकी कुणी हे वाचलंच, तर त्या दिवशी चूक माझी होती, तिची नव्हती. ती घाटघरलाच असते. जुन्नरहून सकाळी गाडी आहे.