वामनभाऊ मिस्त्री आणि पाच मिलिमीटर

वामनभाऊ आज सकाळी गेले. एक इंजिन त्यांना ऐकायचं होतं, ते माझ्यामुळे राहिलं.

आता कमेंटमध्ये लिहाल, "सर, असं मनाला लावून घेऊ नका."
आधी पूर्ण वाचा.

पांढुर्ण्यात ज्याने कधी जुनी गाडी पाळली, त्याला वामनभाऊ ठाऊक आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो. जन्मभर फक्त इंजिनं उघडली आणि बंद केली. कान इतका तयार की गाडी गल्लीत वळली की दुकानात बसूनच सांगायचे, तिसरा सिलिंडर मिस करून राहिला.

आमच्या बाबांची जुनी पेट्रोल जीप आहे. बोरगावच्या मळ्यातून संत्र्याचे क्रेट भरून निघाली की चढावर रडायची.
सगळे म्हणाले, इंजिन फेका, डिझेल टाका.

भाऊ म्हणाले, "काहून फेकता, गुरुजी? ब्लॉक चांगला हाय. स्ट्रोक वाढवू."

स्ट्रोक म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये वरून खाली जेवढा धावतो तेवढं अंतर. भाऊंकडे याच ब्लॉकला बसणारी एक मोठी क्रँक, म्हणजे पिस्टनला वर-खाली करणारा फिरता दांडा, पडून होती. ती टाकली की स्ट्रोक दहा मिलिमीटर वाढणार.
पण मग पिस्टन जास्त वर येतो आणि हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, धडकतो.
त्यावर दोन उपाय. पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड आखूड घ्या, नाहीतर पिस्टन कमी उंचीचा घ्या.

आखूड रॉड लगेच मिळत होते. मी म्हटलं, घेऊन टाकू.

"संत्र्याच्या तोडीले आखूड शिडी लावून पाहा," भाऊ म्हणाले. "पाय तिथंच ठेवा. कशी तिरपी पडते? रॉडचं तसंच हाय. तिरपा झाला का पिस्टनले बाजूनं रेटते, अन् बोअर एकीकडून खाऊन टाकते. रॉड हाय थोच राहू द्या. पिस्टन बनवून घेऊ."

त्यांना घाई नव्हती असं मला वाटलं.
घाई होती. नागपूरच्या डॉक्टरांनी तोवर सगळं सांगून टाकलं होतं. भाऊ मला एवढंच म्हणाले होते, "हे माझं शेवटचं इंजिन, गुरुजी. चालू झालं का तुमच्या वहिनीले बसवून मोहगावले नेतो, तिच्या माहेरी."
मी हसलो. म्हटलं, शेवटचं शेवटचं म्हणत अजून दहा उघडाल.

पिस्टनची ऑर्डर ईमेलने द्यायची होती. ते काम माझं.
भाऊंनी फोनवर माप सांगितलं. रॉड जिथे अडकतो त्या पिनेपासून पिस्टनची वरची उंची पाच मिलिमीटर कमी.

मी विचार केला, स्ट्रोक दहा वाढला, मग पाच कसे? भाऊ विसरले. वय झालं.
मी सौंसरच्या शाळेत गणित शिकवतो.
त्यांना परत फोन न करता मी पाचाचे दहा केले. पोरांच्या वहीत लाल पेनने करतो तसे. वर स्वतःवर खूशही झालो.

दीड महिन्यानं पिस्टन आले. भाऊंनी एक बसवला आणि हातानं क्रँक फिरवली. पिस्टन वर आला आणि ब्लॉकच्या कडेच्या खालीच थांबला.
त्यांनी पट्टी लावली. पाच मिलिमीटर खाली.

"एवढी जागा रिकामी राहिली तं प्रेशर बननार नाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी दहा लिहिले का?"

मी हो म्हटलं.

"दहातले पाच वर जाते, गुरुजी, अन् पाच खाली. गोल फिरते ना थे."

बस. एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. माझ्यासाठी चहा सांगितला. मला तो चहा अजूनही आठवतो, कारण तो संपतच नव्हता.

तेच पिस्टन वापरायचे तर पाच मिलिमीटर लांब रॉड हवे होते. भाऊंनी तीन ठिकाणी विचारलं. नाही मिळाले. पुन्हा ऑर्डर दिली, या वेळी पाचाची. पुन्हा दीड महिना.

त्या दीड महिन्यात भाऊ दुकानातून घरी, घरून नागपूरला आणि नागपूरहून परत घरी आले. शेवटी खाटेवरच होते. भेटायला गेलो की विचारायचे, "आले का?"
मी म्हणायचो, येऊन राहिले.

परवा आले. माप बरोबर आहे. त्यांना सांगितलं तेव्हा डोळे उघडले नाहीत. ऐकलं की नाही, माहीत नाही.

आज दुपारी मोक्षधामावरून भाऊंच्या घरी परत आलो. रडू आलं नाही. अजूनही येत नाहीये. हात धुतले, चप्पल घातली, परत काढली. घरात बायांमध्ये वहिनी बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या,

"त्या कंपनीवाल्याईनं घात केला, गुरुजी. हे सांगत होते मले, कंपनीनंच चुकीचं माप पाठवलं म्हणून. नाई तं यायनं एकडाव तरी गाडी ऐकली असती."

मला कळायला वेळ लागला.
भाऊंनी घरी माझं नाव घेतलंच नव्हतं. त्यांच्या मुलालाही कंपनीच सांगितलं होतं. दुकानाच्या शेजाऱ्यांनाही कंपनीच सांगितलं. मास्तरचं गणित चुकलं असं गावात कुणी म्हणू नये म्हणून.

आणि मी वहिनींसमोर मान हलवली. "हो ना," असं म्हणालोसुद्धा.

याची लाज वाटते आहे. बाकी काहीच वाटत नाहीये.

म्हणून इथे लिहितो. कंपनीनं सांगितलं तेच बनवून पाठवलं. वामनभाऊंचं माप बरोबर होतं. चूक मी केली.

वहिनी फेसबुक पाहत नाहीत. उद्या सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला जातो आणि त्यांच्यासमोर बसून हेच सांगतो.

नमस्कार, भाऊ. तुम्ही माझी चूक झाकली. मला ती झाकून ठेवता येत नाही.