विषयतज्ज्ञाचं हमीपत्र

संपाला चार वर्षं होऊन गेली होती. तो संपला असं कुणी जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे लालबागच्या आमच्या चाळीत काही जण अजून संपावरच होते. बाबा त्यांतले एक. गिरणीतले साचे भंगारात निघाले तरी हे साचाखात्यातले जॉबर, मागांवरचे मुकादमच. मी दादरजवळच्या एका कॉलेजात हंगामी लेक्चरर होतो. मला दर एप्रिलला काढत आणि जूनमध्ये परत घेत. माझी नेमणूक बाबांनी एकदा नीट समजून घेतली आणि म्हणाले, "म्हंजे बदली कामगार." याहून अचूक वर्णन आमच्या प्राचार्यांनाही जमलं नसतं.

त्या वर्षी मात्र जूनमध्ये परत घेणार नाहीत, असं कळलं. वाट एकच होती. विमानविद्येत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी सहयोगी संशोधनाची एक सरकारी योजना निघाली होती. आमचं कॉलेज, विमान दुरुस्तीचं एक वर्कशॉप आणि बंगलोरची एक प्रयोगशाळा अशा तिघांनी मिळून अर्ज करायचा. मंजूर झाला तर मी तीन वर्षं संशोधक. नाही झाला तर घरात कमावतं कुणीच नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून आमच्याकडे तेव्हा एक कॉम्प्युटर होता. तो गार खोलीत प्लास्टिकच्या आवरणाखाली असे आणि त्याच्या दर्शनाला चपला बाहेर काढून जावं लागे. विभागप्रमुखांनी अर्जाच्या पहिल्याच वाक्यात 'एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर' असं घातलं. दुसऱ्या पानावर ते पुन्हा घातलं, कारण पहिलं पान कुणी वाचत नाही, असा त्यांचा अनुभव होता. उपकरणांच्या यादीत दोन एअरकंडिशनर होते. त्यांतला एक त्यांच्या केबिनसाठी.

मूळ कल्पना माझी होती, आणि ती मला चाळीतच सुचली होती. आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत राहणारे काका त्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. चालत्या गिअरबॉक्सवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि आतलं कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे. त्यांचं चुकल्याचं वर्कशॉपात कुणाला आठवत नव्हतं. त्यांना वर्षभर प्रश्न विचारायचे, उत्तरांचे नियम बांधायचे आणि ते कॉम्प्युटरात भरायचे, म्हणजे काकांचा कान देशातल्या प्रत्येक वर्कशॉपात पोचेल. वर्कशॉपच्या साहेबांचं पत्र मिळालं, बंगलोरचंही मिळालं. राहिली होती विषयतज्ज्ञाची सही. काकांनी तोंडी होकार कधीच दिला होता.

सहीचा कागद इंग्रजीत होता. काकांना समजावं म्हणून मी त्याचं मराठी केलं. वरच्या 'अंडरटेकिंग' या शब्दासाठी कोश उघडला, त्यात सापडलेला प्रतिशब्द सुवाच्य अक्षरात मथळ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. हमीपत्र.

अर्ज शनिवारी द्यायचा होता. गुरुवारी संध्याकाळी मी बाबांना बरोबर घेऊन काकांकडे गेलो. काकूंनी चहा टाकला. काकांनी चष्मा लावला, मथळा वाचला आणि कागद मांडीवरून उचलून स्टुलावर ठेवला.

"झिला, ह्यां काय लिवलंस?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. संपात गिरण्यांनी फाटकाशी टेबलं मांडली होती. मी स्वखुशीनं कामावर येत आहे, यापुढे संपात भाग घेणार नाही, अशा मजकुराच्या कागदावर सही केली तर आत, नाही तर बाहेर. त्या कागदाचं नाव हमीपत्र. काकांच्या थोरल्या भावानं ते टेबलावरच फाडलं होतं आणि गावी निघून गेला होता. लालबागमध्ये जन्मलेल्या माणसाला हा शब्द ऐकण्यासाठी कोश लागायला नको होता. मी बराच शिकलो होतो.

मी पेन काढून शब्द खोडला आणि 'संमतिपत्र' लिहिलं. काकांनी आता खालचा मजकूरही वाचला. सांगितलेल्या सर्व माहितीवर संस्थांचा हक्क राहील, हे वाक्य त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं.

"कान माझो, नि हक्क त्यांचो?"

मी बोलत सुटलो. माझी नोकरी जाईल हे सांगितलं, त्यांच्या नोकरीला धक्का लागणार नाही हेही सांगितलं. दुसरं खरं आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाबांकडे बोट केलं. "सही म्हंजे काय ता तुझ्या बापाशीक इचार. चार वर्षां तो घरात बसलो, पण त्येनी केली काय?"

बाबांनी कपातला चहा बशीत ओतला आणि ती बशी तशीच हातात धरून बसले.

आमच्या खोलीत परत आल्यावर मी चिडून म्हणालो, की तुम्ही एक शब्द टाकला असता तर त्यांनी सही केली असती. बाबा खाटेवर बसले. दार लोटून घे म्हणाले. आमच्याकडे रात्री झोपेपर्यंत दार लोटत नसत.

"मी केल्लंय सही," ते म्हणाले. "संपाच्या सातव्या म्हयन्यात. तुझी फी होती. कागद घेतल्यानी, नि बोलवतो म्हणून सांगितल्यानी. बोलवल्यानी नाय."

मग म्हणाले, "त्येका खंय सांगू नको."

शुक्रवारी मी काकांकडे गेलो नाही. कदाचित आणखी एकदा पाया पडलो असतो तर ते वळले असते. पण तिथं गेलं की बाबांच्या न केलेल्या सहीचा विषय निघणार, आणि माझा चेहरा माझ्या ताब्यात राहील याची मला खात्री नव्हती. शनिवारी अर्ज रिकाम्या रकान्यासह गेला. विभागप्रमुख म्हणाले, पहिल्या वाक्यावरच मंजूर होईल.

दोन महिन्यांनी तो परत आला. मी तेव्हा ठाकूरद्वारच्या एका क्लासमध्ये बारावीचं गणित शिकवायला लागलो होतो. जिन्यात काका भेटले. माझ्या त्या मशीनचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. राहिलं, म्हणालो. ते दोन पायऱ्या खाली गेले, थांबले आणि वर न बघता म्हणाले, "सगळे म्हणतत माझ्यामुळे ऱ्हवला. तुझो बापूस म्हणता, मी सही केलंय नाय ता बरोबर."

मी हो म्हणालो.